भैरोबाची उलटी फेरी

१

बिभीषणचं प्रेत गाडीत स्टेरिंगमागंच बसून होतं, आणि तळ्याच्या बांधावर जमलेल्या माणसांतलं एकही खाली उतरायला तयार नव्हतं.

तळं म्हणायचं ते नावाला. दुष्काळाचं तिसरं वर्ष. करंजवाडीचं तळं पार बुडापर्यंत आटलं होतं आणि पाण्याखाली गेलेलं जुनं गाव पडक्या भिंतींसकट वर आलं होतं. मधोमध भैरोबाचं देऊळ, त्याच्यासमोर दीपमाळ, दोन्हींवर वाळलेल्या गाळाचा पांढरा लेप. गाव उठलं तेव्हा देवालाही न्यायचं ठरलं होतं. पण कौल लावला तर भैरोबा हलायला राजी नाही. मग काय, देव राहिला पाण्याखाली आणि माणसं आली बांधापलीकडच्या नव्या करंजवाडीत.

त्या दीपमाळेला नाक लावून बिभीषणची जुनी फियाट उभी होती.

फौजदार रामहरी जीपमधून उतरले. ते मूळचे याच जुन्या गावचे. खाली दिसणाऱ्या भिंतींतली एक त्यांच्या घराची होती, पण तिच्याकडं बघायचं त्यांनी टाळलं.

"कावून थांबलेत सगळे हितं?" त्यांनी विचारलं.

शेवटी रुक्मिणीबाई पुढं झाली. टँकरची वाट बघत घागरी घेऊन ती रोज बांधावर बसायची.

"साहेब, पोरगं रोज बाराला गाडी फिरवायचं. देवाला उजवी घालून, प्रदक्षिणा घालावी तशी. आज गाडी उलटी फिरली. देवाला डावी घालून. लई वंगाळ झालं."

"तुमी बघितलं?"

"धुरळा दिसला, अन् धुरळ्यात गाडी. माणूस हितनं कुठं दिसतंय? पण आवाज आला ना. रोज गाडी वाघावानी गुरगुरायची. आज खोकत व्हती. फेरीफेरीला खोकायची, दमेकऱ्यावानी. मंग धाडकन आवाज झाला."

गर्दीतून कुजबूज उठली. महिनाभर तळ्यातली जमीन घुमत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिवस कलला की देवळामागून घूं घूं असा आवाज यायचा. भैरोबा जागा झालाय, पुजारी म्हणायचे. नैवेद्य दाखवणारा सोडून कुणीच भर बाराला जुन्या गावात पाऊल टाकू नये, हा देव वर आल्यापासूनचा नेम होता आणि बिभीषणनं तो मोडला होता. लोकांच्या लेखी निकाल लागला होता.

रामहरींच्या अंगावर काटा आला, हे खोटं कशाला सांगा. फौजदारी कितीही वर्षं केली तरी लहानपणचा भैरोबा माणसाच्या आत कुठं तरी बसलेला असतोच. तरीही ते खाली उतरले.

देवळापाशी सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन सुंदरराव उभे होते. सगळा मुलूख त्यांना तात्या म्हणायचा. बिभीषण त्यांचा सख्खा पुतण्या, आईबापाविना वाढलेला. देवळाचे विश्वस्तही तात्याच, आणि देव वर आल्यापासून रोज दुपारचा नैवेद्य तेच दाखवत.

"शहादेवला आत घ्या," तात्या म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. "त्या मिस्तऱ्यानं कसलं तरी कार्बोरेटर बसवलं. रेस अडकली असंल. माझं पोरगं खाल्लं त्यानं."

रामहरींनी गाडीकडं पाहिलं. बंपर जरासा चेपलेला, एक दिवा फुटलेला. दीपमाळेचा फक्त लेप खरवडला होता. एवढ्याशा धडकेनं शेळीसुद्धा मेली नसती.

आणि बिभीषणच्या डोक्यावरचा घाव पुढं नव्हता, मागं होता.

२

युसूफ वडगावच्या बाजाराच्या कडेला शहादेवचं गॅरेज. ते उभं राहिलं भिवराबाईच्या कोयत्यावर. नवरा गेल्यावर तिनं हंगामामागून हंगाम ऊस तोडला, पोराला मिस्त्री केलं. जुन्या करंजवाडीत तिचं घर रामहरींच्या घराला भिंतीला भिंत लावून होतं. रामहरींची आई आजारी असायची तेव्हा त्यांना भाकरी भिवरामावशीनं घातलेली.

म्हणून फौजदारांनी जीप तिथं जरा लांबच उभी केली.

मावशी दारातच बसली होती. "रामहरी, नेणार का रं त्याला?"

"चेअरमननी वरच्या साहेबांचे फोन आणवलेत, मावशे. उद्या सांजच्यापर्यंत काही निघालं न्हाई तर न्यावं लागंल."

"म्या जन्मभर त्येंच्याच कारखान्याला ऊस तोडला," ती म्हणाली आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. रामहरींना तिथून पळून जावंसं वाटलं.

शहादेव मात्र रडणारातला नव्हता. हा गडी दहा गावांत नाक वर करून फिरायचा. त्याच्या मते बीड जिल्ह्यात इंजिन कळणारा माणूस एकच जन्मला होता.

"रेस अडकली म्हणत्यात? माझ्या हातची?" तो उसळला. "साहेब, तुमच्या जिपीचा ब्रेक लागत न्हाई नीट, ते बघा आधी."

"गाडीत काय काय केलं ते सांग. अन् मला कळंल असं सांग."

शहादेवला हेच हवं होतं. तो खडू घेऊन फरशीवर बसला.

"पुढच्या महिन्यात पुण्याकडं शर्यत हाय. गोल मैदान, अन् सगळ्या फेऱ्या उजव्या. म्हणून गाडीच उजव्या गोलाची केली. उजवीकडं वळताना समदं वजन डाव्या अंगावर येतं. मंग डाव्या अंगाच्या स्प्रिंगा कडक केल्या, मागच्या डाव्या स्प्रिंगेला एक पाटा जास्त घातला. शॉकॲब्सॉर्बर नवे. गाडी खाली बसवली, जमिनीला चिकटून."

"अन् कार्बोरेटर?"

"ते पुण्याच्या नोशीरशेठनं दिलेलं, दोन तोंडाचं. सरळ बसंना, जागा न्हाई. आडवं बसवलं. त्याच्यात पेट्रोलची एक वाटी असती. गाडी वळली की वाटीतलं पेट्रोल बाजूला पळतं, ताटातल्या वरणावानी. मी वाटी अशी लावली की उजव्या वळणाला पेट्रोल तोंडाशी यावं. शर्यतीत गाडी उपाशी मरू नये."

"डावीकडं जोरात वळवली तर?"

"तर पेट्रोल लांब पळंल. गाडी उपाशी. खोकंल, दम तोडंल, पळणारच न्हाई. अन् उजव्या बाजूला स्प्रिंगा मऊ, ती बाजू खाली बसून टायर मडगार्डाला घासंल. बिभीषणला म्या दहादा सांगितलंतं. त्यो तर डावीकडं कधी वळवायचाच न्हाई. भैरोबाच्या भोवती फिरायचं म्हणल्यावर, कुणाची छाती हाय डावी घालायची?"

रामहरी उठले. ठाण्याच्या आवारात आणून ठेवलेल्या फियाटचं मागचं उजवं चाक त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. टायरवर मडगार्डानं घासलेला ताजा पट्टा होता. म्हणजे गाडी खरंच उलटी फिरली होती. रुक्मिणीबाईनं पाहिलेलं भूत नव्हतं.

"तुमचं भांडण झालं म्हणे परवा?"

"झालं की. म्हणला, शाद्या, गाडी एकाच जागी दणका देती, देवळाच्या मागं, दर फेरीला. म्या म्हणलं, आधी तू गादीवर बसल्यावानी फिरायचास, आता स्प्रिंगा कडक हायत, खाली काडी आली तरी ढुंगणाला कळंल. त्यो म्हणला, तुझं कामच वाईट. म्या म्हणलं, मंग खोदून बघ जमीन." शहादेवचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "त्येवढंच शेवटचं बोलणं, साहेब."

३

आता हिशेब सोपा वाटत होता. भैरोबाला डावी घालायला इथल्या माणसाचा हात धजला नसता. मग गाडी चालवणारा परका. आणि परका एकच होता, पुण्याचा नोशीर. त्यानं कार्बोरेटर दिलं होतं, त्याच शर्यतीत तो स्वतःही उतरणार होता आणि चार दिवसांपासून या भागात होता.

रामहरींनी त्याला परळीच्या स्टेशनावर गाठलं. बाकावर बसलेला, उंच, गोरा. पांढऱ्या शर्टावर औष्णिक केंद्राची राख बसली होती आणि ती झटकायचं त्याचं भान उडालेलं.

"बिभीषण मेला?" तो म्हणाला. "मला आत्ता पार्सलच्या बाबूनं सांगितलं. मी इथं कालपासून बसलोय, जादा शॉकॲब्सॉर्बरचा खोका यायचा होता. त्याच्यासाठीच मागवलेला."

पार्सलच्या बाबूनं मान हलवली. काल दुपारी बारा वाजता साहेब इथंच होते, माझं डोकं खात होते, तो म्हणाला. हमालांनीही तेच सांगितलं.

रामहरी बाकावर टेकले. त्यांच्या हातातला एकुलता एक धागा तुटला होता.

"गाडी उलटी फिरवत होता कुणी तरी," ते म्हणाले. "खोकत होती."

नोशीरनं चमकून पाहिलं. "मग तो मी नाही, आणि तुमचा तो भांडखोर मिस्त्री पण नाही. आम्हा दोघांना माहीत आहे की डावीकडं ती गाडी चालत नाही. एखादी फेरी चुकून मारली असती, खोकली की लगेच फिरवली असती. हा माणूस खोकत असताना पण डावीकडंच फिरत राहिला. फौजदार, ज्यानं गाडी चालवली त्याला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण डावीकडंच फिरायचं, हे त्याला कुणी तरी शपथ घातल्यासारखं ठाऊक होतं."

ऊन तापलं होतं. रुळांवर झळा नाचत होत्या आणि त्यांत रामहरींना पांढरी दीपमाळ दिसल्यासारखी वाटली. परका नव्हता. मग इथलाच. आणि इथल्या माणसानं देवाला डावी घातली? कशासाठी? भूतच असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं. भुताला कारण लागत नाही.

तेवढ्यात शिपाई धावत आला. प्रेत शवविच्छेदनाहून परत आलं होतं, आणि तात्या अग्नी द्यायची घाई करत होते.

४

चिता बांधाखालीच रचली होती, तळ्याच्या कडेला. माणसं बरीच आली. सगळ्यांचं लक्ष मधूनमधून देवळाकडं जात होतं.

रामहरी रुक्मिणीबाईच्या शेजारी उभे राहिले. आवाज खाली करून त्यांनी विचारलं, "धडक झाल्यावर खाली पहिल्यांदा कोण पोचलं?"

"म्या अन् दोन गडी पळालो, प्रेत बघितलं तसं माघारी फिरलो. पर आमच्या आधी तात्या आले देवळामागनं. नैवेद्याला आलेले."

"कसे होते?"

"कसे म्हंजे? ओलेत्यानं. डोक्यापासनं धोतरापतोर पाणी निथळत व्हतं. लई सोवळं पाळत्यात. देवाचं म्हणल्यावर आंघोळ लागतीच." तिनं पदर सावरला. "आमाला प्यायला न्हाई, पर देवाला कोण न्हाई म्हणंल?"

रामहरींनी हूं केलं. त्यांचं लक्ष चितेकडं होतं.

तात्यांनी खांद्यावर पाण्यानं भरलेलं मडकं घेतलं. मागून एकानं दगडानं मडक्याला भोक पाडलं, धार लागली आणि तात्या चितेभोवती फिरू लागले. संथ, रडत. प्रेताला डावी घालून. उलटे. मेलेल्याभोवती उलटंच फिरायचं असतं. शुभाची वाट उजवी, मेल्याची डावी. रामहरी स्वतःच्या आईभोवतीही असेच फिरले होते.

धार सुक्या मातीत जिरत गेली आणि रामहरींनी मान वर करून देवळाकडं पाहिलं.

इथला माणूस देवाला डावी घालणार नाही, हे सगळे म्हणत होते आणि सगळे चुकत होते. इथला माणूस एका वेळी नक्की घालेल. शेजारच्या सीटवर प्रेत असेल तेव्हा. प्रेत घेऊन देवाला उजवी प्रदक्षिणा? परका असता तर त्यानं विचारही केला नसता. ज्याला देवाचा धाक होता, त्यालाच प्रेतासकट उजवं फिरणं जमलं नसतं.

आणि प्रेताला हात लावला की आंघोळ करावी लागते, हेही त्याच माणसाला चुकवता आलं नसतं. पण जिथं चार दिवसांतून एकदा टँकर येतो तिथं, कोरड्या तळ्याच्या मधोमध, डोक्यापासून भिजायला पाणी आलं कुठून?

तात्यांनी मडकं मागं टाकलं. ते फुटलं. नेमक्या त्या शांततेत, दिवस कलायला लागला होता तेव्हा, देवळामागून जमीन घुमू लागली.

माणसं हात जोडून मागं सरली. रामहरी मात्र कान देऊन ऐकत होते. असा आवाज त्यांनी शेकडो वेळा ऐकला होता, उसाच्या फडाच्या कडेला.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी रामहरींनी फियाट तळ्यात आणवली. शहादेवनं दिवा बदलला होता. दोन शिपाई देवळाच्या सावलीत बसवले.

"तात्या, शहादेवचा दोष पंचनाम्यात आणायचा तर गाडी फिरवून बघावी लागंल," रामहरी म्हणाले. "तुमी शेजारी बसा. घरचा माणूस साक्षीला पाहिजे."

तात्यांना नाही म्हणता येईना. बांधावर सगळी नवी करंजवाडी उभी होती.

रामहरींनी गाडी काढली. आधी उजवी. इंजिन खरोखर वाघासारखं गुरगुरलं, गाडी जमिनीला धरून पळाली. देवळामागं आल्यावर खालून दणका बसला. पुन्हा फेरी, पुन्हा त्याच जागी दणका.

"कळलं का तात्या? हा दणका बिभीषणलाबी कळला. जुन्या स्प्रिंगा असत्या तर कधीच कळला नसता."

तात्या समोर बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण तो उन्हाचाही असू शकला असता.

रामहरींनी गाडी वळवली आणि देवाला डावी घातली.

इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. गाडी उजव्या अंगावर कलंडल्यासारखी झाली, टायर मडगार्डावर घासून करकरलं. रबराचा वास आला. बांधावरून बायकांचा आवाज उठला. खोकत, कण्हत गाडी फिरत राहिली आणि रामहरींनाही वाटलं की मागच्या सीटवर कुणी तरी बसलंय. त्यांनी आरशात पाहायचं टाळलं.

दुसऱ्या फेरीला तात्यांनी त्यांचा हात धरला. "थांबव! थांबव बे! जित्या माणसाला घेऊन मेल्याच्या फेऱ्या घालतूस?"

रामहरींनी गाडी थांबवली. धुरळा पुढं निघून गेला.

"मेल्याच्या फेऱ्या?" ते हळूच म्हणाले. "आजपतोर सगळे म्हणत व्हते भूत फिरलं, करणी झाली, देव कोपला. मेल्याच्या फेऱ्या हे तुमीच पहिल्यांदा म्हणालात, तात्या. त्या दिवशी ह्या सीटवर मेलेला व्हता, हे कुणाला ठाव असणार?"

तात्यांचा चेहरा गाळासारखा पांढरा पडला.

रामहरी त्यांना घेऊन देवळामागं गेले. तिथं जुन्या गावाची बारव होती. दगडी पायऱ्यांची ही विहीर गाळानं बुजली असं सगळे समजत होते. वर बाभळीच्या काट्यांचा ढीग. शिपायांनी काटे ओढले. खाली पत्रे निघाले, पत्र्यांखाली पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या तळाशी काळंशार पाणी. काठाला मोटार, दिवस कलल्यावर वीज आली की आपोआप घुमायला लागणारी. तिथून निघालेला पाइप जमिनीखालून थेट गेला होता, दणक्याच्या जागेवरून, तात्यांच्या उसाकडं.

रामहरी त्या पाण्याकडं बघत राहिले. लहानपणी याच पायऱ्यांवर ते पोहायला शिकले होते. बांधावर बायका घागरी घेऊन दिवस दिवस बसत होत्या आणि पाणी इथं त्यांच्या डोळ्यांसमोर, देवाच्या पाठीमागं होतं.

तात्या पायरीवर बसले.

"त्यानं पहारीनं खणलं," ते म्हणाले. "पाइप बघितला, बारव बघितली. म्हणला, काका, आज सांजच्याला गावाला सांगतो. म्या हातापाया पडलो. ऊस वाळला असता तर पुढल्या साली चेअरमनकी कुठली ऱ्हायली असती? त्यो पाठ फिरवून निघाला. माझ्या हातात पाइपाचा पाना व्हता." त्यांनी खालच्या पाण्याकडं पाहिलं. "मंग सुचलं, रोज बाराला गाडी फिरती, लोक आवाज ऐकत्यात. फिरवावी, धडकवावी अन् त्येला स्टेरिंगमागं सरकवावा. त्येला शेजारी बसवला. त्येची मान सारखी माझ्या खांद्यावर यायची, रामहरी."

"पण देवाला उजवी घालायला हात उठला न्हाई."

"प्रेत घेऊन?" तात्यांनी खरोखर आश्चर्यानं वर पाहिलं. "येवढं पाप मी कसं करीन?"

पुतण्याला मारणारा हा माणूस आपण देवाचा नेम मोडला नाही म्हणून अजून समाधानी होता.

६

शहादेवला कुणी नेलं नाही. तो दुसऱ्या दिवशी ठाण्यात आला आणि फौजदारांच्या जीपचा ब्रेक, न विचारता आणि बडबडत, नीट करून गेला. फियाट खटल्यासाठी ठाण्याच्या आवारात राहिली. तिचं कार्बोरेटर मोहोरबंद खोक्यात कपाटात ठेवलं होतं.

बारव गावाला खुली झाली. भर बाराला जुन्या गावात पाऊल टाकायचं नाही हा नेम तहानेपुढं किती टिकणार? बायकांची रांग पायऱ्यांवरून थेट दीपमाळेपर्यंत लागायची. एका दुपारी रामहरी मुद्दाम गेले. भिवरामावशीनं त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते प्याले. चव तीच होती, जराशी खारट, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात रांगेतला गलबला थांबला. घागरी हातातल्या हातात राहिल्या.

देवळाच्या पलीकडून आवाज येत होता. गुरगुरणारा, दमदार, जवळ येणारा. देवळाला वळसा घालून पुढं जाणारा, आणि पुन्हा येणारा. समोर जमीन रिकामी होती. धुरळासुद्धा उठत नव्हता.

रामहरी रांगेतल्या रुक्मिणीबाईकडं वळले. "रुक्मिणीबाई," त्यांनी हळूच विचारलं, "कुठल्या अंगानं?"

रुक्मिणीबाईनं डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ.

"उजवी हाय, साहेब," ती म्हणाली. "खोकत न्हाई."

मग तिनं घागर पाण्यात बुडवली, आणि मागची बाई पुढं सरकली.